आधी शाळा, मग विमान

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरहून स्टार एअरच्या पन्नास आसनी जेटने प्रवास केलेल्यांना त्याची केबिन आठवत असेल. एका बाजूला एकेक खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन-दोन, मधे अंग चोरून जावे लागेल एवढीच वाट, आणि इंजिने पंखाखाली नसून पार शेपटीजवळ. हे विमान म्हणजे एम्ब्राएर १४५. आपल्या हवाई दलाचे ‘नेत्र’ हे टेहळणी विमानही याच विमानाच्या पाठीवर डीआरडीओने रडार बसवून तयार केले आहे. ब्राझीलमधल्या साओ जोसे दोस काम्पोस या गावात ही विमाने बनली. ज्या देशाची ओळख आपल्याकडे फुटबॉल, कॉफी आणि ऊस एवढीच, त्या देशाला हे कसे जमले, हे महाराष्ट्राने नीट समजून घ्यावे म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण विषय अर्धवट सांगून उपयोग नाही.

आपल्याकडे विमान उद्योगाची चर्चा निघाली की ती एकरांत आणि कोटींत होते. जमीन कुठे, शेड किती, सवलत काय. ब्राझीलने उलट्या टोकाने सुरुवात केली. विमाने बनवणारी एम्ब्राएर कंपनी १९६९ ची. तिला माणसे देणारी संस्था मात्र त्याच गावात १९५० पासून उभी होती. ‘इन्स्तितुतो तेक्नोलोजिको दे एरोनाउतिका’, म्हणजे आयटीए. मधली १९ वर्षे तिथे विकण्यासारखे एकही विमान तयार झाले नाही. तयार झाले ते अभियंते, वायुबोगदे (नमुन्यावर वारा सोडून तपासण्याचे बोगदे), इंजिनांची चाचणीघरे आणि विमानाला ‘उडण्यास योग्य’ म्हणून दाखला देऊ शकणारी माणसे. ती १९ वर्षे वाया गेली असे त्या काळी अनेकांना वाटले असणार.

ही कल्पना कासिमिरो मॉन्तेनेग्रो फिल्यो या वैमानिक अधिकाऱ्याची. १२ जून १९३१ रोजी ब्राझीलच्या लष्करी टपालसेवेचे पहिले विमान रिओहून साओ पाउलोला गेले, ते नेणाऱ्या दोघांपैकी हे एक. त्या फेरीत टपालाच्या पिशवीत अवघी दोन पत्रे होती. परक्या देशांतून आणलेली विमाने उडवताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली: सुटा भाग मोडला की तो बोटीने येईपर्यंत विमान जमिनीवर. १९४३ साली ते अमेरिकेत एमआयटी ही तंत्रशिक्षण संस्था पाहून आले आणि तिथले विमान अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड स्मिथ यांना त्यांनी ब्राझीलला बोलावले. १९४५ मध्ये स्मिथ आले आणि त्यांनी आराखडा करून दिला. एका आवारात दोन संस्था असाव्यात, एक शिकवणारी आणि दुसरी संशोधन करणारी, दोघींच्या वर एकच तांत्रिक केंद्र, म्हणजे सीटीए. कारखाना या आराखड्यात नंतर येणार होता, आणि तोही आवाराबाहेर.

१९४७ साली वर्ग रिओमध्ये लष्करी तंत्रशाळेच्या इमारतीत सुरू झाले. जागा मिळेपर्यंत शिक्षण थांबवले नाही, हे महत्त्वाचे. १९५० साली संस्था साओ जोसे दोस काम्पोसला हलली आणि स्मिथ तिचे पहिले कुलगुरू झाले. हे गाव तोवर क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी ओळखले जाई. हवा कोरडी, पठार सपाट, आणि रिओ ते साओ पाउलो या हमरस्त्यावरचे ठिकाण. नवा महामार्ग १९५१ मध्ये खुला झाला. आवाराची रचना वास्तुरचनाकार ऑस्कर निमायर यांची. शिक्षकांची घरे, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, प्रयोगशाळा आणि धावपट्टी एकाच कुंपणात. संध्याकाळी प्रयोग अडला तर प्राध्यापक हाकेच्या अंतरावर.

नियमही त्या देशात नवे होते. तोवर ब्राझीलच्या विद्यापीठांत एकेका विषयाचे ‘पीठ’ एकेका प्राध्यापकाकडे तहहयात असे. शहरात मोठी वकिली किंवा बांधकामाचा धंदा सांभाळून ते आठवड्यातून दोनदा येऊन व्याख्यान देत. आयटीएने ही पद्धत ठेवलीच नाही. विभाग केले, शिक्षक पूर्णवेळ नेमले, प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक सल्लागार शिक्षक दिला. पहिली दोन वर्षे सगळ्यांना तेच गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि रेखाटन, पुढची तीन वर्षे शाखेची. विमान शाखेनंतर लगेच १९५१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आले, कारण विमान म्हणजे नुसते पत्रे आणि रिव्हेट नव्हे, हे तेव्हाच कळले होते. १९६१ मध्ये ब्राझीलमधला अभियांत्रिकीचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम इथेच निघाला, आणि त्याच वर्षी शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून ट्रान्झिस्टरचा संगणक जुळवला. प्रवेश आजही फार थोड्यांना मिळतो. कित्येक वर्षे साऱ्या देशातून शंभर-दीडशेच मुले घेतली जात, तीही कठोर प्रवेश परीक्षेतून, आणि शिक्षण मोफत.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती तिथली ‘जाणती शिस्त’. पोर्तुगीजमध्ये ‘दिसिप्लिना कोन्सियेंते’. परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. शिक्षक प्रश्नपत्रिका वाटतात आणि खोलीबाहेर जातात. काही पेपर तर मुले खोलीवर नेऊन, वेळ लावून, पुस्तक न उघडता सोडवून आणतात. कोणी नक्कल केली तर चौकशी विद्यार्थ्यांचेच मंडळ करते, आणि नक्कल सिद्ध झाली तर संस्थेतून नाव कमी होण्यापर्यंत वेळ येते. कोणाला ही गंमत वाटेल. विमानाच्या हँगरमध्ये काम केलेल्याला वाटणार नाही. इंजिनावरचा बोल्ट आवळून त्याला सेफ्टी वायर घालताना वायरचा पीळ ठरल्याप्रमाणे इंचाला सहा ते आठ वळणांचा असावा लागतो, आणि ती अशा बाजूने ओढलेली असावी लागते की बोल्ट सैल होऊ पाहील तेव्हा वायर त्याला परत आवळणीच्याच दिशेने खेचेल. उलट बाजूने घातली तर दिसायला तीच वायर, तेच पीळ, पण थरथरीने बोल्ट सुटायला मोकळा. रात्री दोन वाजता, काउलिंग म्हणजे इंजिनावरचे झाकण बंद होण्यापूर्वी, ती वायर बरोबर घातली की नाही हे एकट्या तंत्रज्ञाला माहीत असते. तो कार्डावर सही करतो आणि त्या सहीवर पन्नास माणसे विमानात बसतात. आपल्याकडे परीक्षेच्या खोलीत कॅमेरे आणि भरारी पथके लावून जी सवय लागते, ती या सहीच्या कामी येत नाही.

सुरुवातीचे सगळेच प्रयोग यशस्वी झाले असे नाही. जर्मनीचे हाइनरिख फोके, ज्यांनी हेलिकॉप्टरच्या आरंभीच्या काळात मोठे काम केले, ते १९५२ च्या सुमारास सीटीएत आले. सरळ वर उठून मग विमानासारखे पुढे जाणारे यंत्र बनवायचा त्यांचा बेत होता. सांगाडा एका जुन्या स्पिटफायर लढाऊ विमानाचा घेतला. हवे होते ते ब्रिटिश टर्बाइन मिळाले नाही, म्हणून जड पिस्टन इंजिन बसवले. वजन वाढले, इंजिनाचे झटके लांब शाफ्टमधून आणि गिअरपेट्यांतून चारही रोटरांपर्यंत जाऊ लागले, आणि थरथर आटोक्यात येईना. ते यंत्र कधीच उडाले नाही. पण त्या कामावर जे तरुण फिटर, ड्राफ्ट्समन आणि अभियंते तयार झाले, ते तिथेच राहिले. कारखाना असता तर असा प्रकल्प फसल्यावर माणसे घरी गेली असती. शाळा असल्याने ती पुढच्या प्रकल्पाला उपयोगी पडली.

तो पुढचा प्रकल्प १९६५ चा. प्रश्न घरचाच होता. पन्नासच्या दशकात जुनी डीसी-३ विमाने ब्राझीलच्या तीनशेवर गावांच्या मुरमाड धावपट्ट्यांवर उतरत. जेट आली, त्यांना पक्की लांब धावपट्टी लागे, आणि विमानसेवा असलेली गावे पन्नासाच्या आत आली. आयटीएतून १९६२ साली पदवी घेतलेल्या ओझिरेस सिल्वा यांच्या गटाने, फ्रेंच रचनाकार माक्स होल्स्त यांना सोबत घेऊन, लहान धावपट्टीवरून उडणारे दोन टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या) इंजिनांचे विमान आखले. नाव ‘बांदेरान्ते’. इंजिन स्वतः बनवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. कॅनडाचे पीटी-६ बाजारात सिद्ध झालेले होते, तेच घेतले. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी पहिला नमुना उडाला.

नमुना उडाला म्हणजे विमान झाले, असे आपल्याकडे वर्तमानपत्रे छापतात. खरे काम तिथून पुढे असते. पहिल्या नमुन्यात आठ प्रवाशांची सोय होती आणि ५५० अश्वशक्तीची इंजिने. एवढ्या प्रवाशांत खर्च निघणार नव्हता. मग धड लांब केले, इंजिने ६८० अश्वशक्तीची घेतली, चाके पूर्ण झाकली जातील अशी इंजिनपेटी नव्याने आखली. उत्पादनातले पहिले विमान उडायला १९७२ उजाडले. खाजगी भांडवलदार पुढे येईनात, तेव्हा सरकारने १९ ऑगस्ट १९६९ च्या कायद्याने एम्ब्राएर काढली आणि एक युक्ती केली: कोणत्याही कंपनीने आपल्या देय आयकरातला १ टक्का हवा तर सरकारी तिजोरीऐवजी एम्ब्राएरच्या समभागांत भरावा. हजारो कंपन्या भागधारक झाल्या, आणि बहुमताचा हिस्सा सरकारकडेच राहिला. हवाई दलाने ८० बांदेरान्ते मागवली.

अभियंत्यांना रचना येत होती, पण एकसारखी शंभर विमाने काढणे येत नव्हते. ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. नमुना बनवताना छिद्र जागेवर जुळवून पाडले तरी चालते. मालिकेत मात्र तिसाव्या विमानाचा दरवाजा सत्तराव्या विमानाला बसला पाहिजे, नाहीतर सुट्या भागांचा धंदाच होत नाही. ते शिकण्यासाठी त्यांनी इटलीच्या एर्माक्कीकडून परवाना घेऊन एक प्रशिक्षण जेट बनवायला घेतले. ११२ विमानांची मागणी होती. त्या कामातून साचे, भागांचे क्रमांक, बदलांची नोंद ठेवण्याची पद्धत, हे सगळे बांदेरान्तेच्या ओळीवर आले. परवान्यावर विमान बनवणे वाईट नाही. तेच ध्येय होऊन बसणे वाईट.

तिसरा पाय प्रमाणपत्राचा. विमानाच्या रचनेला उड्डाणात जास्तीत जास्त जो भार येणे अपेक्षित आहे, त्याच्या दीडपट भार जमिनीवरच्या सांगाड्यात जॅक लावून द्यावा लागतो आणि किमान ३ सेकंद तो सहन झाला पाहिजे. एक इंजिन बंद पडल्यावर विमान किती चढते, कमी वेगाला पंख कसा स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावतो, बर्फ, आग, वीज, प्रत्येकाची कागदावर आणि हवेत परीक्षा. हा दाखला देणारी संस्था सीटीएच्याच आवारात होती आणि तिथली माणसे आयटीएची. म्हणून १९७८ मध्ये एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने बांदेरान्तेला मान्यता दिली, तेव्हा ब्राझीलच्या दाखल्यामागचे काम तपासून घेता आले. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेने विमानसेवा सरकारी बंधनांतून खुली केली. तिथल्या लहान गावांना १९ आसनांपर्यंतची विमाने हवी होती, कारण १९ पेक्षा जास्त आसने झाली की केबिन सेवक ठेवावा लागतो. शिवाय लहान विमानांच्या तेव्हाच्या नियमावलीत वजनाची मर्यादा ५,६७० किलो. बांदेरान्ते बरोबर याच चौकटीत बसत होते. १९९० पर्यंत सुमारे ५०० विमाने झाली. ही चौकट आधी वाचून मग रेघ ओढणारा अभियंता आपल्याकडच्या अभ्यासक्रमात क्वचित तयार होतो. वायुगतिकी शिकवतात, नियमावली शिकवत नाहीत.

कोल्हापूरकर ज्यात बसतात त्या १४५ ची गोष्टही याच शिस्तीची. १९८९ मधला पहिला आराखडा म्हणजे जुन्या तीस आसनी ‘ब्राझिलिया’ टर्बोप्रॉपचे धड लांबवून सरळ पंखाच्या वरच जेट इंजिने बसवायची असा होता. पैसे वाचले असते. वायुबोगद्यात कळले की इंजिनपेटीभोवतीचा आणि पंखावरचा प्रवाह एकमेकांत अडकून ओढ, म्हणजे हवेचा अडथळा, वाढते. ठरवलेला वेग आणि पल्ला मिळेना. मग पंख मागे झुकवला आणि इंजिने पंखाखाली घेतली. आता इंजिन जमिनीला लागू नये म्हणून चाकांचे पाय लांब करावे लागले, ते जड झाले, ते मावण्यासाठी पंखाचे बूड वाढले, आणि वजनाचा हिशेब बिघडला. शेवटी १९९१ मध्ये इंजिने शेपटीजवळ नेली. तीन वर्षांत तीन रचना, आणि एकही पत्रा कापलेला नव्हता. याच काळात अर्जेंटिनाबरोबर केलेले सीबीए-१२३ हे विमान उडालेही, मागे तोंड केलेल्या पंख्यांचे, तंत्राने देखणे, पण इतके महाग की गिऱ्हाईक मिळाले नाही. दोन नमुन्यांवर काम थांबले, आणि कंपनी कर्जात बुडाली. १९९४ मध्ये तिचे खाजगीकरण झाले. १४५ ऑगस्ट १९९५ मध्ये उडाले आणि त्याने कंपनी वाचवली.

आता महाराष्ट्राच्या अगदी जिव्हाळ्याची बाजू. आयटीएच्या पहिल्या पिढीतले अभियंते आणि पुढे प्राध्यापक झालेले उर्बानो एर्नेस्तो स्टुम्फ यांनी सीटीएच्या इंजिन प्रयोगशाळेत उसाच्या अल्कोहोलवर वर्षानुवर्षे काम केले. विमानांच्या संस्थेने मोटारीच्या इंधनावर वेळ का घालवावा, असे तेव्हा कोणी विचारले असेल. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, नोव्हेंबर १९७५ मध्ये ब्राझीलने ‘प्रोआल्कोल’ योजना काढली, आणि सरकारच्या हातात तयार मोजमापे होती. १९७६ मध्ये अल्कोहोलवर चालणाऱ्या तीन मोटारी देशभर हजारो किलोमीटर फिरवून दाखवण्यात आल्या. १९७९ मध्ये फियाट १४७ ही शुद्ध अल्कोहोलवरची गाडी बाजारात आली.

ती मोजमापे काय सांगतात हे आपल्या प्रत्येक गॅरेजवाल्याला उपयोगी आहे. पेट्रोलचा एक किलो जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने दीडपटीहून जास्त इंधन द्यावे लागते. कार्ब्युरेटरचा जेट (इंधन सोडणारे छिद्र) मोठा केला नाही तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते आणि अडखळते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, म्हणून तेव्हाच्या इंजिनांत ८ च्या आसपास असलेले दाबगुणोत्तर (मिश्रण किती पट दाबले जाते ते) १२ पर्यंत नेता आले आणि गेलेल्या मायलेजचा काही भाग परत मिळाला. पण त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. थंड सकाळी इंजिन सुरूच होईना. म्हणून बॉनेटखाली लहानशी पेट्रोलची टाकी दिली, चालू करताना त्यातून एक फवारा, आणि इनटेक मॅनिफोल्डला गरम पाणी. कार्ब्युरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा असे, तो अल्कोहोलातल्या पाण्याने आतून पांढरा पडून खाल्ला जाई. त्यावर निकेलचा मुलामा द्यावा लागला. टाकीचा पत्राही बदलला.

आपल्याकडे आज पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. मिश्रणात सुमारे ३० उरते, म्हणजे जवळपास ७ टक्के घट. एवढे मायलेज जुन्या इंजिनात जाणारच. त्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि त्याचा बाऊ करण्यासारखेही नाही. खरी काळजी जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, ओ-रिंग आणि डायफ्रामची. ते तपासणे अवघड नाही. रबराचा तुकडा मिश्रणात ठराविक तापमानाला बुडवून ठेवायचा, आधी आणि नंतर वजन, आकारमान आणि कठीणपणा मोजायचा. आपल्या साखरपट्ट्यात कारखाने आहेत, डिस्टिलऱ्या आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. रस्त्यावरच्या दुचाक्यांच्या भागांवर असे मोजमाप वर्षानुवर्षे करून ते मराठीत सर्वांसमोर ठेवणारी प्रयोगशाळा असायला हवी होती.

त्याच संशोधनाचे टोक पुन्हा विमानाला जाऊन मिळाले. शेतावर फवारणी करणारे ‘इपानेमा’ विमान मुळात याच आवारात आखलेले, १९७० मध्ये पहिल्यांदा उडाले. २००४ मध्ये त्याची इथेनॉलवर चालणारी आवृत्ती प्रमाणित झाली. मालिकेने बनणाऱ्या विमानांत असा दाखला मिळवणारे ते जगातले पहिले. इंजिनाची शक्ती ३०० वरून ३२० अश्वशक्ती झाली. इंधन जास्त लागते, पण हे विमान शेताच्या बांधावरूनच उडते आणि थोड्या वेळात परत उतरते, तेव्हा पल्ला कमी झाल्याचे नुकसान नाही. लांब पल्ल्याच्या विमानाला हा तोटा परवडला नसता. इंधन कुठे वापरावे हे जितके कळले, तितकेच कुठे वापरू नये हेही.

प्रोआल्कोलची ठेचही सांगितली पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला नव्या मोटारींपैकी दहातल्या नऊ शुद्ध अल्कोहोलच्या होत्या. मग साखरेचा भाव वर गेला, कारखाने साखरेकडे वळले, आणि १९८९ मध्ये पंप कोरडे पडले. लोकांचा विश्वास उडाला तो २००३ मध्ये दोन्ही इंधने चालणाऱ्या गाड्या येईपर्यंत परतला नाही. ऊस एकच आणि दावेदार दोन, हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही.

आयटीएला डाग नाहीत असे नव्हे. १९६४ च्या लष्करी सत्तांतरानंतर काही विद्यार्थी आणि शिक्षक त्यांच्या विचारांमुळे काढले गेले, आणि मॉन्तेनेग्रो यांनाही सीटीएतून बाजूला व्हावे लागले. जिथे मुलांवर इतका विश्वास टाकला होता, तिथेच हे घडले. मुलींना प्रवेश १९९६ मध्ये मिळाला, फार उशिरा. आणि आज तिथले कित्येक पदवीधर विमानांऐवजी बँका आणि सल्लागार कंपन्यांत जातात. एम्ब्राएरने त्यावर २००१ पासून उपाय काढला. कोणत्याही शाखेचा अभियंता घ्यायचा, आयटीएबरोबर सुमारे दीड वर्ष विमान अभियांत्रिकी शिकवायची, एका पूर्ण विमानाची रचना गटाने करून घ्यायची, आणि पदव्युत्तर पदवीसह कामावर घ्यायचे.

आपण मागे का पडलो? सुरुवात तर आपली आधीची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, आणि त्यात कोल्हापूर भागातले डॉ. विष्णू माधव घाटगे होते, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिकीचे थोर अभ्यासक प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. त्यांनी आखलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले, तेव्हा आयटीए जेमतेम दीड वर्षांची होती. म्हणजे शाळा, माणूस आणि कारखाना तिन्ही आपल्याकडे एका शहरात होते. पण पुढे नागरी विमानाचा धागा एका हातात राहिला नाही. अ‍ॅव्रो हे प्रवासी विमान कानपूरला परवान्यावर, लढाऊ विमाने दुसरीकडे, दाखला देणारे दिल्लीला, आणि १४ आसनी ‘सारस’ राष्ट्रीय प्रयोगशाळेत. सारस २००४ मध्ये उडाले, वजन ठरल्यापेक्षा जास्त भरले, २००९ मध्ये दुसरा नमुना कोसळून तिघे गेले, आणि त्यानंतर ते काम कित्येक वर्षे थंडावले. प्रत्येक प्रकल्पाला माणसे नव्याने जमवावी लागली.

महाराष्ट्रात जागा शोधायची गरज नाही. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ पासून आहे, मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतचा अनुभव असलेले कामगार आहेत, आणि धावपट्टी आहे. तिच्या कुंपणाला लागून राज्याने विमान अभियांत्रिकीची एक निवासी संस्था काढावी. वर्षाला साठच मुले घ्यावीत, मुली-मुलगे दोन्ही, फी नको. शिक्षक पूर्णवेळ, आणि निवृत्त झालेले फोरमन आणि इन्स्पेक्टर हेही प्राध्यापकाच्याच दर्जाने शिकवायला हवेत. पहिल्या दिवसापासून चार गोष्टी असाव्यात: कमी वेगाचा वायुबोगदा, पंखावर भार देण्याचा सांगाडा, इंजिन चाचणीघर आणि खरे उडणारे एक लहान विमान, जे मुलांनी दर वर्षी उघडून, तपासून, परत जुळवून, सहीनिशी उडायला द्यायचे. प्रमाणपत्राच्या नियमावलीचा विषय सक्तीचा. दाखला देणाऱ्या खात्याचे एक कार्यालय त्याच इमारतीत. यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधरांसाठी दीड वर्षाचा वर्ग वेगळा. इंजिन चाचणीघरातला एक बाक उसाच्या इथेनॉलसाठी राखून ठेवावा. आणि परीक्षेला पर्यवेक्षक नसावा.

इमारत पूर्ण होईपर्यंत वर्ग थांबवू नयेत. नाशिकच्या एखाद्या तंत्रनिकेतनात दोन खोल्या मिळाल्या तरी पहिली तुकडी बसवता येईल. पहिल्या अर्थसंकल्पातला पैसा प्रवेशद्वारावर आणि सभागृहावर न जाता चाचणीघरावर जावा, एवढी तरतूद राज्याने लेखी करून ठेवावी.

आपले विश्वासू,
विमान देखभाल आणि अभियांत्रिकी शिक्षणाच्या क्षेत्रातले काही वाचक